स्लॅबआधीची ठेव

वाढत्या शहरातल्या गच्च्यांवर एक गोष्ट हमखास दिसते: पुढच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेले गज. घर बांधून होते, वास्तुशांत होते, मुले शिकून नोकरीला लागतात, तरी कॉलमचे ते गज आपले गंजत उभेच. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यासारख्या दाट वस्तीत अशा गच्च्या कितीतरी. घराचे एक वेळ चालून जाते, तो घरच्यांचा प्रश्न. सार्वजनिक वास्तूवरचे गज मात्र सगळ्या वस्तीने दिलेला वायदा असतो, आणि तो रोज येताजाता दिसतो. भरवस्तीतल्या एखाद्या बौद्ध ध्यानकेंद्राला जागा अपुरी पडू लागली, शिबिराला आलेली माणसे जिन्यात बसू लागली, की समितीच्या बैठकीत पहिला विषय निघतो वरच्या मजल्याचा. दुसरा खर्चाच्या अंदाजाचा, तिसरा पावती पुस्तके छापण्याचा. मजला चालवायचा कसा, हा विषय उद्घाटनाची कोनशिला बसल्यावर निघतो. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. जागा वाढली की कायमचा खर्च वाढतो. तो पेलणारी ठेव आणि ती भरणारे हात आधी जमवावेत, स्लॅब मागाहून टाकावा. ध्यानाच्या विषयात हे बोलणे रुक्ष वाटेल. पण याच प्रदेशात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी वास्तू उभारणारी माणसे आपल्याहून जास्त हिशेबी होती, आणि त्यांचा हिशेब दगडात कोरलेला असल्यामुळे तपासता येतो.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातले दहावे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात खोदवले. तिथला एक लेख वाचताना पतपेढीचा ठराव वाचतो आहोत असे वाटते. लेण्यात राहणाऱ्या भिक्खूसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले: गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. यालाच अक्षयनीवी म्हणत. आता दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि लेखात सांगितले आहे की इथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत. बारा विसे दोनशे चाळीस. एक नाणे जास्त नाही, एक कमी नाही. म्हणजे दात्याने आधी राहणारी माणसे मोजली, त्यांना वर्षाला काय लागेल ते मांडले आणि तिथून मागे येत मुद्दल ठरवले. दुसऱ्या हजाराचे वर्षाला नव्वद होतात, ते वरखर्चाला. हा सगळा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. याच उषवदाताने आपण तीन लाख गायी दान दिल्याचे दुसरीकडे कोरून ठेवले आहे. तो आकडा मी सोडून देतो. राजघराण्यांच्या लेखांत अशा गायी चरत असतातच. विणकरांकडच्या ठेवीला मात्र तो गायींचा सोस नाही. तिथे प्रत्येक नाण्याला काम लावून दिलेले आहे.

ठेवीइतकेच महत्त्व हातांचे. त्यासाठी नाशिकपर्यंत जायलाही नको. याच जिल्ह्यात कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या एका खांबावर पैठणच्या मितदेवाचे नाव आहे. त्याचे कूळ गांधिकांचे, सुगंधी द्रव्यांचा धंदा करणारे. आणखी एक खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांचा. राजवैद्य मगिलाच्या घरच्यांची दाने आहेत, आणि तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव घातले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे श्रेय वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने घेतले असले तरी आतले खांब धेनुकाकटच्या यवनांनी आणि इतरांनी एकेक करून दिले. दर्शनी दार त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे. आज आपण चौरस फुटाची पावती फाडतो, तेव्हा खांबाची फाडत. जुन्नरला नहपानाच्या अयम या अमात्याने मंडप दिला आणि मंडपासोबत पोढी, म्हणजे पाण्याचे टाके. लेण्यालेण्यांतून ही पोढी वेगळे दान म्हणून नोंदलेली आढळते. कातळ खोदून सुरेख सभागृह केले आणि चैत्रात प्यायला पाणी नसले तर त्या सभागृहात वटवाघळेच वर्षावास करतील, हे त्यांना ठाऊक होते. कित्येक वर्षे काही दिवसांआड नळाचे पाणी भरत आलेल्या शहरात नवा मजला चढवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तरी नकाशात ध्यानकक्षाची मापे इंचापर्यंत असतात आणि टाकी कोपऱ्यात, नंतर बघू म्हणून.

यावर पहिला आक्षेप कलेच्या बाजूने येईल, आणि तो बिनतोड वाटतो. अजिंठ्याचे काय? जगाने तोंडात बोट घालावे अशी चित्रे ज्या लेण्यांत आहेत ती खांबा-खांबाच्या वर्गणीतून झालेली नाहीत. सोळावे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे, सतरावे हरिषेणाच्या मांडलिक राजाचे, सव्विसावे बुद्धभद्र या वजनदार भिक्खूचे. एकहाती पैसा, एकहाती कल्पना आणि भराभर काम. हे मान्यच केले पाहिजे: बड्या दात्याखेरीज अजिंठा झाला नसता. पण त्याच डोंगरातला पुढचा पुरावाही बघावा. आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास केलेल्या वॉल्टर स्पिंक यांची मांडणी अशी की हरिषेणाच्या काळातली ही प्रचंड कामगिरी जेमतेम दोन दशकांत उरकली आणि तो गेल्यावर तितक्याच झटपट थांबली. सगळ्याच अभ्यासकांना हा थोडक्या वर्षांचा हिशेब मान्य नाही. परंतु चोविसावे लेणे कोणालाही जाऊन पाहता येते: अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक व्हायचे ते, अर्धवट कातळात अडकून राहिले आहे. पाचव्या शतकातले ते सोडलेले गजच म्हणायचे. स्पिंक आणखी एक गोष्ट दाखवतात. मोठे दाते पांगल्यावर तिथेच राहिलेल्या भिक्खूंनी आणि साध्या उपासकांनी मिळेल त्या भिंतीवर, आखणीचा विचार न करता, आपापले छोटे बुद्ध कोरून-रंगवून घेतले. एवढे दिवस ज्यांना तिथे काही द्यायची सोयच नव्हती, त्यांनी दाता जाताच भिंती भरल्या. आखणी बिघडली खरी. पण देणारे केवढे ताटकळले असतील!

आधुनिक काळात महाराष्ट्रात ध्यानकेंद्रे उभी राहिली ती प्रामुख्याने दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटा पैशाच्या बाबतीत बोलक्या आहेत. सत्यनारायण गोयंका १९६९मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि इगतपुरीला धम्मगिरी उभी केली. तिथे शिबिराला शुल्क नाही, आणि दान घेतले जाते ते किमान एक दहा दिवसांचे शिबिर पुरे केलेल्यांकडूनच. जेवण-राहण्याचा तुमचा खर्च आधी बसून गेलेल्या कोणीतरी उचललेला असतो. तुम्ही दिलेत तर ते पुढच्यासाठी. देणारा आणि बसणारा यांची फारकत होऊ द्यायची नाही, हे या नियमाचे मर्म. दुसरी वाट संघरक्षितांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना भेटलेले आणि धर्मांतरानंतर नवबौद्धांमध्ये हिंडलेले हे इंग्रज भिक्खू. त्यांनी १९६७मध्ये लंडनला संघ स्थापन केला. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात आले आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण, म्हणजे आजचा त्रिरत्न बौद्ध महासंघ, वाढत गेला. दापोडीचा महाविहार, भाजे लेण्यांजवळचे सद्धम्म प्रदीप, शिवाय बहुजन हिताय या नावाने वसतिगृहे आणि बालवाड्या. या कामाला ब्रिटनमधून पैसा आला म्हणून ‘परदेशी पैसा’ असा शिक्का मारला जातो. तो पैसा जमला कसा, हे पाहिले की शिक्का सैल होतो. १९८०मध्ये ‘एड फॉर इंडिया’ म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे करुणा ट्रस्ट झालेल्या संस्थेचे स्वयंसेवक तिकडच्या गल्ल्यांतून दारोदार फिरले आणि घराघराकडून दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा शब्द घेतला. धेनुकाकटच्या यवनांनी एकेक खांब दिला, त्याच जातीचे हे दान.

तरीही त्या वाटेवर आता पूर्वीसारखे विसंबता येणार नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उघडलेल्या खात्यात आला पाहिजे, एका संस्थेने घेतलेला पैसा दुसरीला देता येत नाही आणि प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च चालत नाही. मग सरकारी निधी का नको, असे कोणी विचारील. अनुदान घेऊ नये असे मी म्हणत नाही. कर भरणाऱ्यांचाच तो पैसा. मात्र नागपूरच्या दीक्षाभूमीवर काय झाले ते डोळ्यांसमोर असू द्यावे. तिथल्या स्तूपाचे काम १९७८मध्ये सुरू झाले आणि लोकार्पण १८ डिसेंबर २००१ला, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. तेवीस वर्षे लागली, पण त्या दगडांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढे सुमारे दोनशे कोटींची विस्तार योजना आली, भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू झाले, आणि १ जुलै २०२४ला हजारो लोक आत शिरून काम बंद पाडून मोकळे झाले. त्याच दिवशी सरकारला स्थगिती जाहीर करावी लागली. वाहनतळ हवा की नको, हा वाद मी इथे सोडवत नाही. निधी मंजूर होता आणि संमती घ्यायची राहिली होती, एवढे दिसते. शंभर रुपयांची पावती फाडताना चार प्रश्न विचारले जातात, आणि त्या प्रश्नांतच संमती तयार होत असते. कोटींचा धनादेश येतो तेव्हा प्रश्न विचारायला दारात कोणी उभे नसते.

सर्वांत गंभीर आक्षेप घरातूनच येतो. मुले फी भरू शकत नाहीत, अभ्यासिका नाहीत, आणि तुम्ही डोळे मिटून बसायला मजले चढवता? याच शहरात बाबासाहेबांनी १९५०मध्ये महाविद्यालय काढले, पुढे त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. त्यांनी आधी ध्यानकक्ष बांधला नाही. ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळायला १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४पर्यंत झगडावे लागले, त्या विद्यापीठाच्या गावात ध्यानाने चळवळ निजते, हा आरोप नुसता हसण्यावारी नेता येणार नाही. माझे उत्तर दोन पदरी आहे. एक तर नागसेनवन हे नाव मिलिंद राजाला बिनतोड उत्तरे देणाऱ्या नागसेन भिक्खूचे आहे. बाबासाहेबांनी कॉलेजसाठी प्रश्नोत्तराची परंपरा निवडली आणि ती परंपरा विहारातलीच. दुसरे असे की शांतता ही आता ऐपतीची वस्तू झाली आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो डोंगरातल्या रिसॉर्टवर जाऊन ती विकत घेतो. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला माणूस, दहा बाय बाराच्या खोलीत सहाजणांत राहणारी मुलगी, सकाळपासून चार घरची भांडी घासणारी बाई, यांनी अर्धा तास गप्प कुठे बसायचे? रस्त्यावर पाणपोई असते तशी वस्तीत शांत बसण्याची एक जागा असणे, ही चैनीची मागणी मला वाटत नाही. ती जागा शहराबाहेर पन्नास किलोमीटरवर असून भागत नाही, चालत जाण्याच्या अंतरावरच हवी. म्हणून जमीन महाग असली तरी उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीतच मजला चढवायचा. आणि कक्ष सकाळी तास-दीड तास व संध्याकाळी तेवढाच वेळ ध्यानाला लागतो. मधल्या वेळात तिथे अभ्यासिका का नसावी? ती चालवायलाही वीज, पाणी, झाडू आणि राखणदार लागतोच. आक्षेप घेणाऱ्यांना अभ्यासिका हवी असेल तर त्यांनी ठेवीच्या बाजूला यावे.

व्यवहारी माणसाचा आक्षेप वेगळा. तुम्ही ठेव जमवत बसाल आणि सिमेंट-लोखंड महागेल; आज चाळीस लाखांत होणारे काम पाच वर्षांनी साठ लाखांत जाईल. हे खरे आहे, आणि म्हणूनच हळूपणाला वेसण हवी. विनयपिटकात ती आहे. बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूला नवकम्मिक म्हणत, आणि हे काम किती काळ एकाच्या ताब्यात द्यायचे याच्या मुदती चुल्लवग्गात दिल्या आहेत: लहान विहाराला पाच-सहा वर्षे, मोठ्याला दहा-बारा. आळवीच्या भिक्खूंनी एकदा भिंतीला मातीचा गोळा लावला, एक दार बसवले, एवढ्यावर ‘काम चालू आहे’ म्हणत वीस-वीस, तीस-तीस वर्षांची नेमणूक देऊन टाकली होती. बुद्धाने ते बंद केले. बांधकाम समितीत तहहयात बसलेल्यांनी हा भाग जरूर वाचावा. वर्गणीच्या अतिरेकाची गोष्टही याच आळवीची. तिथले भिक्खू कुट्या बांधण्यासाठी माणूस द्या, बैल द्या, कुऱ्हाड द्या, गवत द्या असे मागत सुटले. लोक इतके हैराण झाले की भिक्खू दिसला की वाट बदलत, दार लावून घेत. लांबून गाय दिसली तरी भिक्खूच आला समजून पळत. त्यावरून कुटीच्या मापाचा नियम झाला. पावती पुस्तक घेऊन निघणाऱ्याला आपल्या गल्लीत दारे कधी बंद होऊ लागली हे कळत असते. तो आकडा कोणत्याही अहवालात येत नाही, पण खरा निधी त्या दिवशी संपलेला असतो.

मग मधला मार्ग काय? आकडे उदाहरणादाखल घेऊ. वाढीव मजल्याला वीज, पाणी, सफाई, गळतीची डागडुजी, राखणदार मिळून महिन्याला वीस हजार लागतात असे धरा. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीतून एवढे व्याज हवे असेल तर जवळपास सदतीस लाख गुंतवावे लागतील, आणि महागाईचा विचार केला तर त्याहून अधिक. उषवदाताला वर्षाला बारा आणि नऊ टक्के मिळत होते, आपल्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढी ठेव वस्तीच्या आवाक्याबाहेरची आहे. पण हेच वीस हजार दुसऱ्या रीतीने मांडता येतात: दोनशे माणसे, महिन्याला शंभर रुपये. उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा हे सांगणे आंबेडकरी समाजात परिचयाचे आहे. शंभर रुपये हा बहुतेकांच्या विसाव्या भागाचाही लहानसा तुकडा. या दोनशेजणांनी स्लॅब पडण्याआधी सलग एक वर्ष पैसे भरून दाखवावेत. त्या वर्षाचे दोन लाख चाळीस हजार म्हणजे ठेवीची पहिली वीट. ते बँकेत मुदतीने ठेवावेत आणि कागद धर्मादाय कार्यालयाच्या लेखापरीक्षणात दिसावेत. वर्षअखेर एकशे वीसच उरले तर मजला अर्धा करावा, किंवा आहे तोच कक्ष दोन पाळ्यांत चालवावा. एखाद्या बड्या दात्याने बांधकामाचा सगळा खर्च देऊ केला तरी ही अट सोडू नये. त्याचे आभार मानावेत आणि त्याला रांगेत दोनशे एकावा उभे करावे.

दानावर नाव घालावे का, हा वाद ध्यानकेंद्रात हमखास होतो, कारण अनात्म शिकवणाऱ्या भिंतीवर संगमरवरी नावे विनोदीच दिसतात. मला ती खपतात. मितदेवाने खांबावर नाव घातले नसते तर पैठणचा अत्तरवाला या डोंगरात आला होता हे कळायला मार्ग नव्हता. नाव ही एक प्रकारची पावतीच, आणि सार्वजनिक पैशाला पावती हवी. फक्त अक्षरे सगळ्यांची एकाच मापाची असावीत, आणि महिन्याला शंभर देणाऱ्यांची नावे पंख्यावर पेंट केलेल्या नावांच्या आधी यावीत.

जेतवनाची गोष्ट प्रत्येक उपासकाला पाठ असते: अनाथपिंडिकाने गाड्या भरभरून नाणी आणली आणि जमीन झाकत नेली. तिचा शेवट मात्र क्वचितच सांगितला जातो. दाराजवळचा थोडासा तुकडा उघडा राहिला, नाणी संपली. अनाथपिंडिक आणखी आणायला माणसे धाडू लागला तेव्हा जमिनीचा मालक जेत राजकुमार म्हणाला, पुरे, ही जागा मला राहू दे, हे माझे दान. अनाथपिंडिकाला ते पुरवणे सहज जमले असते. त्याने हट्ट धरला नाही. त्या तुकड्यावर जेताने प्रवेशद्वाराची वास्तू उभी केली. उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीतल्या नव्या मजल्याच्या नकाशावर असा एक तुकडा मुद्दाम बिनदात्याचा ठेवायला हवा. माझे मत विचाराल तर तो पाण्याच्या टाकीचा असावा. मे महिन्यात टँकरची वाट बघत बसलेला कोणीतरी ती देईल.